नवी पाटी आणि जुनी घोकंपट्टी

शाळेत संगणक आला की गावात समारंभ होतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, पाहुण्यांचे भाषण होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. भिंतीवर काळ्या फळ्याच्या जागी चकाकणारा पडदा लागला म्हणजे शाळा ‘डिजिटल’ झाली, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि राज्यकर्ते, अधिकारी, देणगीदार व पालक ह्या चौघांनाही ती सोयीची असल्यामुळे तिची चिकित्सा करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. त्या पडद्यासमोर बसलेल्या मुलाने वर्षभरात स्वतःच्या बुद्धीने व स्वतःच्या हाताने काय घडविले, हा प्रश्न समारंभात विचारला जात नाही. आमच्या मते तोच एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. चित्र काढणे, गोष्ट रचणे, भूमितीची आकृती हलवून पाहणे, आवाज मुद्रित करणे, नकाशा तयार करणे, लहानसा खेळ बांधणे अशी निर्मितीची नाना साधने संगणक, मोबाईल व इंटरनेट ह्यांच्या योगाने आज वर्गात आणता येतात. ती आणावीत काय, आणावयाची तर कोणत्या अटींवर, आणि ती कोणाच्या मुलांच्या वाट्याला येणार, ह्याचा विचार केल्यावाचून जे घडते त्याला शिक्षण म्हणता येणार नाही. ती केवळ खरेदी होय.

यंत्राने शाळेचा कायापालट होईल ही भविष्यवाणी नवी नाही. १९१३ साली थॉमस एडिसन ह्यांनी असे भाकीत केले होते की, चित्रपटांमुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य ठरतील आणि दहा वर्षांच्या आत सारी शिक्षणपद्धती पालटून जाईल. त्या गोष्टीला शंभरांहून अधिक वर्षे लोटली. पुस्तके होती तेथेच आहेत. आपल्या देशात १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग झाला. तांत्रिक दृष्ट्या तो खरोखरच अपूर्व होता. परंतु उपग्रह वर्षभरापुरताच उसना होता व वर्ष सरताच प्रयोगही सरला. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक धाडले. त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ती संस्था २०१७ साली बंद पडली. ह्या साऱ्या प्रयत्नांत माणसे निष्ठेने राबली ह्याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु आधी यंत्र, मग कार्यक्रम आणि सर्वांत शेवटी शिक्षक, असा जो क्रम आपल्याकडे पडून गेला आहे तो ‘आधी कळस मग पाया’ ह्या म्हणीची आठवण करून देतो.

परदेशांचा अनुभवही ह्याहून निराळा नाही. निकोलस निग्रोपाँटी ह्यांनी २००५ साली ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ अशी घोषणा केली. तिला भुलून पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप विकत घेतले. २०१२ साली त्या योजनेचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले, तेव्हा गणित आणि भाषा ह्या दोन्ही विषयांत मुलांच्या गुणांवर काहीही परिणाम झाला नसल्याचे आढळले. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने २०१३ साली प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आयपॅड देण्याची एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्चाची योजना आखली आणि पुढच्याच वर्षी तिचा करार गुंडाळला. प्रगत राष्ट्रांच्या ‘ओईसीडी’ ह्या संघटनेने २०१५ साली अहवाल दिला की, ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर भरमसाट पैसा ओतला त्यांच्या मुलांच्या वाचनात, गणितात वा विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसत नाही. आणि पडद्यावरील शिक्षणात अग्रेसर मानल्या गेलेल्या स्वीडनने २०२३ साली पुन्हा छापील पाठ्यपुस्तकांसाठी निधी काढून ठेवला. इतके सारे पाहिल्यावर कोणी म्हणेल की हे खूळच नको. खडू, फळा आणि छडी बरी होती. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. ह्या सर्व योजनांत अपयशी ठरली ती वाटपाची कल्पना. निर्मितीचे साधन म्हणून संगणकाची परीक्षा त्यांत फारशी झालीच नाही.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून एका जुन्या उदाहरणाकडे वळू. सीमोर पापर्ट हे गणितज्ञ जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे ह्यांच्याबरोबर काम करून अमेरिकेत आले. त्यांनी १९६७ साली वॅली फॉइर्झाइग व सिंथिया सॉलोमन ह्यांच्या साथीने ‘लोगो’ नावाची संगणकभाषा मुलांसाठी सिद्ध केली. तिच्यात एक कासव असते. पुढे जा, उजवीकडे वळ, अशा आज्ञा दिल्या की ते चालते व चालताना रेघ ओढते. चौरस काढावयाचा तर पुढे जाऊन ९० अंशांनी वळणे ही क्रिया चार वेळा करावी लागते. हे मुलाला लवकर साधते. मग ते समभुज त्रिकोण काढू पाहते. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पुस्तकात वाचलेले असते, म्हणून ते कासवाला ६० अंशांनी वळावयास सांगते, आणि पाहते तो त्रिकोण काही मिटत नाही. अर्ध्या षट्कोनासारखी उघडी आकृती पुढे उभी राहते. कासव वळते ते बाह्यकोनातून, म्हणजे वळण १२० अंशांचे हवे, हे त्या चुकीपाशी थांबून विचार करणाऱ्या मुलाला स्वतःहून उमगते. तीच आज्ञा सहा वेळा दिली तर सुरेख षट्कोन होतो, हा आणखी एक लाभ. चुकीला येथे लाल शाईची फुली बसत नाही. चूक हीच पुढची पायरी होते. पापर्ट ह्यांनी आपला हा विचार १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ ह्या ग्रंथात मांडला, आणि त्याच परंपरेतून एमआयटी ह्या संस्थेत मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘स्क्रॅच’ हे विनामूल्य साधन लोकांपुढे ठेवले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून मुले गोष्टी, खेळ व चलचित्रे रचतात. संगणकाने मुलाला शिकवावे आणि मुलाने संगणकाला शिकवावे ह्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि आपल्या बहुतेक ‘डिजिटल’ शाळा पहिल्या प्रकारच्या आहेत हे आमचे दुःख आहे.

गणित आणि विज्ञान ह्यांच्या शिक्षकांना तर ह्या साधनांनी मोठाच हात दिला आहे. मार्कुस होहेनवार्टर ह्यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ साली ‘जिओजेब्रा’ची रचना आरंभिली. फळ्यावर काढलेला त्रिकोण हा एकच त्रिकोण असतो. येथे त्याचा शिरोबिंदू बोटाने ओढता येतो आणि क्षणात शेकडो त्रिकोण डोळ्यांपुढून सरकतात. अर्धवर्तुळातील बिंदू कोठेही न्या, तेथील कोन काटकोनच राहतो, हे मूल आश्चर्याने पाहते. अर्थात पाहणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे. हजार वेळा खरे ठरले म्हणून ते नेहमीच खरे असेल काय, हा प्रश्न शिक्षकाने त्याच वेळी टाकला पाहिजे, आणि प्रमेयाची सिद्धता कागदावर पेन्सिलीनेच लिहवून घेतली पाहिजे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन ह्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली चालू केलेली ‘फेट’ नावाची विज्ञानाची आभासी प्रात्यक्षिके मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहेत. तारेतून वाहणारे विद्युत्कण किंवा वायूच्या रेणूंची धावपळ डोळ्यांना कधी दिसावयाची नाही. ती तेथे दिसते. परंतु सेल, बल्ब आणि वीतभर तार ह्यांची किंमत अल्प आहे. खरा बल्ब पेटविल्याचा आनंद बाजूस सारून पडद्यावरचा बल्ब पेटवावयास लावणे हा शुद्ध अविचार होय. होशंगाबाद येथे १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या चळवळीने आणि पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्ता ह्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवून हेच दाखविले. त्याच गुप्तांनी आपल्या खेळण्यांची छायाचित्रे व चित्रफिती इंटरनेटवर सर्वांना फुकट खुल्या केल्या, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. हाताने करता येते ते हाताने करावे. डोळ्यांना वा हातांना जे अगोचर आहे तेथे पडद्याचे साहाय्य घ्यावे. हा साधा नियम पाळला तर जुने आणि नवे ह्यांत भांडणाचे कारणच उरत नाही.

भाषा व समाजशास्त्र ह्यांत तर महागड्या यंत्राचीही गरज नाही. शिक्षकाच्या खिशातील मोबाईल पुरतो. मुलांनी आपल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून आणाव्यात, त्या ऐकून लिहून काढाव्यात, अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारावेत. व्याकरणाचे दहा तास जे शिकवणार नाहीत ते हा एक उपक्रम शिकवून जाईल. हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्यांतील अनेक आज इंटरनेटवर ऐकता येतात. म्हणजे मुलांपुढे आदर्शही तयार आहे. मुंबईच्या गिरणगावातील शाळांनी १९८२ च्या गिरणीसंपाच्या आठवणी आजोबांच्या तोंडून टिपून ठेवाव्यात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी त्या सांगणारा कोणी उरणार नाही. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ ह्या सर्वांसाठी खुल्या नकाशात आपल्या वाडीतील विहीर, पाणवठा, दवाखाना व शाळेची पायवाट मुलांना स्वतः नोंदविता येते; भूगोलाचे ह्याहून जिवंत प्रात्यक्षिक कोणते? ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुलांच्या गोष्टी विनामूल्य वाचता येतात, भाषांतरित करता येतात आणि नव्याने रचताही येतात. ज्या मुलांच्या घरी अहिराणी, मालवणी, कोरकू, गोंडी वा भिली बोलली जाते, त्यांना आपल्या घरच्या बोलीतले पुस्तक आपणच तयार केल्याचा जो अभिमान वाटेल, तो कोणत्याही आयत्या चित्रफितीने निर्माण होणार नाही.

ह्या संदर्भात एका मराठी शिक्षकाचे नाव घेतले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० साली दहा लाख डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, व त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यातून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचविण्याची त्यांची युक्ती सर्वत्र गाजली. २०१७ साली केंद्राने ‘दीक्षा’ हा मंच उघडला आणि आज बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड दिसतात. हे सर्व चांगलेच झाले. तथापि डिसले ह्यांचे खरे श्रेय त्या काळ्यापांढऱ्या चौकटीत नाही. एका खेड्यातील शिक्षकाने आपल्या वर्गाची गरज ओळखली आणि तिच्यासाठी स्वतः काही घडविले, ह्यात ते आहे. सरकारने कोड तेवढा उचलला. शिक्षकाने घडवावयाचे ते तत्त्व मागेच राहिले. पूर्वी मूल फळ्याकडे पाहत बसे, आता कोडमधून निघालेल्या चित्रफितीकडे पाहत बसते. श्रोता होते ते प्रेक्षक झाले एवढाच फरक पडला.

मराठी शाळांपुढे आणखी एक अडचण आहे, व तिची दखल खरेदी करणारे अधिकारी क्वचितच घेतात. ती लिपीची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे, महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला व लिपी ह्यांच्या प्रमाणीकरणाचा निर्णयही काढला आहे. असे असूनही चित्रे, चित्रफिती वा सादरीकरणे तयार करण्याच्या कित्येक साधनांत मराठी मजकूर टाकताच जोडाक्षरे विस्कटतात, अक्षरांचे पाय मोडतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मराठीचा ‘ऱ’ तर अनेकांच्या गावीही नसतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्यांतील भेद ज्या यंत्राला दाखविता येत नाही, ते गुरुजींना स्वयंपाकघरात धाडावयास कमी करणार नाही. विनोद सोडला तरी परिणाम गंभीर आहे. अक्षरे नीट उमटत नाहीत म्हणून मुले मराठी रोमन लिपीत लिहू लागतात किंवा सरळ इंग्रजीकडे वळतात. आणि आपली भाषा नव्या कामाला कुचकामाची आहे असा ग्रह त्यांच्या मनात कायमचा घर करतो. त्यास्तव आमची सूचना अशी की, शाळांसाठी कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्यात मराठीचा एक परिच्छेद, ‘ऱ’ व मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ ह्यांच्यासह, टंकून, जतन करून, छापून पाहावा. ह्या कसोटीस न उतरणाऱ्या मालाला शासनाने एक पैसाही देऊ नये.

ह्यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. ज्या देशात पाचवीच्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही तेथे चलचित्रे आणि संगणकभाषा ह्यांच्या गोष्टी कशाला, असे विचारणारे लोक शिक्षणाचे वैरी नव्हेत. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले शेकडा ४८.८ होती, म्हणजे निम्मीसुद्धा नव्हेत. ह्या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून कोणतीही योजना आखणे म्हणजे वाळूवर इमला बांधणे होय. बालवाडीत आणि पहिली-दुसरीत पडद्याचे काही काम नाही, हे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. माती, पाणी, गाणे, गोष्ट, पाटी आणि पेन्सिल ही त्या वयाची साधने होत. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ ह्यांच्यासह जे बालशिक्षण उभे केले, ते शंख-शिंपले, बिया आणि पाने ह्यांच्या बळावर. परंतु त्याच पाहणीत दुसरेही एक सत्य आहे. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८२.२ मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्यांपैकी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी शेकडा ५७, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी शेकडा ७६ आढळली. यंत्र मुलांच्या हाती शाळेची वाट न पाहता जाऊन पोहोचले आहे. शाळेने त्याचा सदुपयोग शिकविला नाही तर बाजार त्याचा दुरुपयोग शिकवील. किंबहुना शिकवीत आहे. मुद्रित केलेली ओवी लिहून काढणारे मूल वाचन-लेखनच शिकत असते. तेव्हा वाचन की निर्मिती हा वाद खोटा आहे. वाचनासाठी निर्मिती असे त्याचे खरे स्वरूप आहे.

प्रश्न उरतो तो न्यायाचा. २०२३-२४ च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील शाळांपैकी चालू स्थितीतील संगणक असलेल्या शाळा शेकडा ५७.२ आणि इंटरनेट असलेल्या शेकडा ५३.९ होत्या. राहिलेल्या शाळा कोणाच्या, हे सांगावयास ज्योतिषी नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली माध्यमिक टप्प्याआधीच, म्हणजे सहावीपासून, संगणकाला आज्ञा देण्याचे शिक्षण सुचविले. सुखवस्तू घरांतील मुलांना ते खाजगी वर्गांत पैसे मोजून आधीच मिळू लागले आहे. उद्या शहरातील मूल साधने घडविणारे व्हावे आणि जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेतील मूल ती साधने नुसती वापरणारे राहावे, अशी वाटणी झाली तर ती जातींच्या जुन्या उतरंडीहून फारशी निराळी असणार नाही. एकाने विचार करावयाचा आणि दुसऱ्याने बटण दाबावयाचे, ही व्यवस्था लोकशाहीला शोभणारी नव्हे.

मुलांच्या कामाचे आणि मुलांच्या खाजगीपणाचे काय, हाही प्रश्न सोडून चालणार नाही. पाटीवरचे पुसले जाते हे मुलाला ठाऊक असते. वही मात्र आपली, असा त्याचा भरवसा असतो. नव्या साधनांत हा भरवसा परक्याच्या हाती आहे. २०२० च्या अखेरीस ‘फ्लॅश’ हे तंत्र बंद करण्यात आले आणि त्यावर आधारलेली असंख्य शैक्षणिक चलचित्रे व खेळ जागच्या जागी मुके झाले. गूगलने आपला ‘जॅमबोर्ड’ हा वर्गांत वापरला जाणारा फळा २०२४ च्या अखेरीस गुंडाळला. कंपनीने दुकान बंद केले की मुलांचे वर्षाचे काम तिच्या कुलपाआड जावे, हे आपण मुकाट्याने का मान्य करावे? जे काम स्वतःपाशी उतरवून ठेवता येते व दुसऱ्या साधनातही उघडता येते, असेच साधन शाळेने निवडावे. मुक्त स्वरूपाची, विनामूल्य साधने पुरेशी उपलब्ध असताना परावलंबन पत्करण्याचे कारण नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ ह्या संस्थेने २०२२ साली ४९ देशांतील शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा दहांपैकी जवळजवळ नऊ साधनांची वागणूक मुलांच्या खाजगीपणाला धोका पोहोचविणारी आढळली. आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक विदासंरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे आणि मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास मनाई सांगितली आहे. हा कायदा कागदावर राहू नये म्हणून प्रथम शाळांनी तो वाचला पाहिजे.

२०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ अवतरल्यापासून ह्या विषयाला आणखी एक वळण लागले आहे. एक वाक्य लिहिले की निबंध हजर, दुसरे लिहिले की चित्र हजर! ह्याला निर्मितीचे साधन म्हणावे काय? आमची कसोटी सरळ आहे. साधन मुलाचे काम सोपे करते की मुलाचे काम स्वतःच करून टाकते, हे पाहावे. कासवाला वळविताना मुलाला कोनाचा विचार करावाच लागतो. आयता निबंध मागविताना त्याला कशाचाच विचार करावा लागत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून डोंगर चढणाऱ्याच्या पायांत बळ येत नाही. अशी यंत्रे वर्गात आणावयाची असतील तर ती वरच्या इयत्तांत, आणि त्यांनी दिलेल्या मजकुरातील चुका शोधण्यासाठी आणावीत. यंत्राने आत्मविश्वासाने ठोकलेले असत्य मुलाने विश्वकोश उघडून पकडले तर त्या तासाचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.

सरतेशेवटी सारे येऊन ठेपते ते शिक्षकावर. एका दिवसाची कार्यशाळा घेऊन, चहा-बिस्किटे व प्रमाणपत्र देऊन शिक्षक तयार होत नाही. नवे साधन हाती बसावयास सवड लागते, चुकावयाची मुभा लागते, अडले तर विचारावयास जवळ कोणी लागतो. आपल्या शिक्षकाचे दिवस जातात ते मात्र माहिती भरण्यात, छायाचित्रे चढविण्यात आणि अहवाल धाडण्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण ह्यांखेरीज इतर बिगरशैक्षणिक कामांतून त्याला मोकळे केले आहे. ह्या तरतुदीचा अर्थ कार्यालयांना कोणीतरी समजावून सांगावयास हवा. संगणकाने शिक्षकाचा भार हलका व्हावयाचा, तो उलट वाढला, आणि ज्या यंत्रावर मुलांनी गोष्टी रचावयाच्या त्यावर गुरुजी रकाने भरीत बसले आहेत, हे दृश्य क्लेशकारक आहे.

आमच्या मागण्या फार नाहीत. यंत्रांसाठी जेवढा पैसा ठेवला जाईल त्याचा ठराविक वाटा दुरुस्तीसाठी आणि ठराविक वाटा शिक्षकांच्या तयारीसाठी आधीच बाजूस काढावा. प्रत्येक केंद्रात निदान एक जाणता मार्गदर्शक फिरता असावा. तिसरीपासून पुढे आठवड्यातून दोन तास निर्मितीसाठी राखावेत, आणि त्या तासांत यंत्र नसेल त्या शाळेने कागद, कात्री व पुठ्ठा ह्यांनी तेच तत्त्व राबवावे. अंतर्गत मूल्यमापनात मुलाने घडविलेल्या वस्तूला, मग ती मुद्रित मुलाखत असो, नकाशा असो वा खेळ असो, गुण असावेत. कारण परीक्षेत ज्याला स्थान नाही त्याला आपल्या शाळांत वेळ नसतो, हे कटू असले तरी खरे आहे. आणि सारी साधने मराठीच्या कसोटीवर घासून घ्यावीत.

ह्यांतील काही गोष्टी शासनाच्या हाती आहेत. परंतु एक गोष्ट आमच्या सुशिक्षित वाचकांच्या हाती आहे. मुलाला शाळेत घालताना तेथे किती स्मार्ट फळे आहेत ह्याची चौकशी आपण हौसेने करतो. त्याऐवजी पालकसभेत उभे राहून एवढेच विचारावे की, ह्या महिन्यात आमच्या मुलांनी काय घडविले ते दाखवा. हाच प्रश्न आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंच्या मुलाच्या शाळेविषयीही, म्हणजे नगरपालिकेच्या शाळेविषयी, आपल्या नगरसेवकाला विचारावा. पडदे विकत घेण्यास पैसा लागतो. ह्या प्रश्नाचे उत्तर देता येण्यास मात्र शिक्षक, सवड आणि विश्वास लागतो. ज्या शाळेला ते उत्तर देता येईल तिच्या भिंतीवर फळा काळा असो की चकाकणारा, ती शाळा आपल्या काळाबरोबर चालली आहे असे खुशाल समजावे.